मित्राचा ब्लेड सेट घेऊ का? नवख्या हाताला कोणते गोल्फ क्लब पेलतात

प्रश्न विचारणारे गृहस्थ सोलापूरचेच आहेत. वय ४३, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाचा कारखाना. पाच महिन्यांपासून गोल्फ शिकतायत. महिन्यातून दोनदा कामासाठी पुण्याला जाणं होतं, तेव्हा तिथे खेळतात. एरवी होटगी रोडकडच्या शेतात जाळी बांधून सराव करतात. एका मित्राने त्यांना आपला फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या) ब्लेडचा, म्हणजे पातळ डोक्याच्या आयर्नचा (लोखंडी डोक्याच्या क्लबांचा), सेट ४० हजारांत देऊ केलाय: ३ नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत (जवळचा, उंच फटका मारायचा क्लब), स्टीलचे स्टिफ (कडक) शाफ्ट, म्हणजे दांडे. "भारी वस्तू आहे, एकदाच घे, हात आपोआप बसेल," असं मित्राचं म्हणणं. हा सेट घ्यावा का, आणि आत्ताचे जुने क्लब कापून १२ वर्षांच्या मुलीला द्यावेत का, असे दोन प्रश्न आहेत.

साहेब, तो सेट घेऊ नका. मित्राचा हेतू चांगला असेल आणि वस्तूही अस्सल असेल, पण ती तुमच्या आजच्या हातासाठी नाही. पुण्यात क्लब बसवण्या-दुरुस्त करण्याचं काम मी वीस वर्षं केलं. "हात बसेल" या एका वाक्यावर विसंबून खेळ सोडून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. माझा स्वतःचा पहिला सेट असाच होता, एका जुन्या खेळाडूने विकलेला, पातळ आणि आरशासारखा चकचकीत. थंडीतल्या सकाळी चेंडू क्लबच्या डोक्याच्या टोकाला लागला की झिणझिण्या कोपरापर्यंत जायच्या. दोष आपल्या स्विंगचा समजून मी स्विंग बदलत राहिलो. चेंडू वर चढत नाही म्हणून मनगटं आधीच सोडून तो उचलायची सवय लागली, आणि ती मोडायला चार वर्षं गेली. पैसे गेल्याचं मला कधी फार वाटलं नाही. त्या चार वर्षांचं मात्र अजून वाटतं.

ब्लेड आणि कॅव्हिटी बॅक यांत नेमका फरक काय, ते आधी बघू. ब्लेडमध्ये सगळं लोखंड मधोमध, चेंडू जिथे लागायला हवा त्याच्या मागे एकवटलेलं असतं. कॅव्हिटी बॅकमध्ये पाठीमागून मधलं लोखंड कोरून काढतात आणि ते कडांना, टाचेकडे (दांड्याकडची बाजू) आणि टोकाकडे (दांड्यापासून लांबची), वाटून देतात. कावड खांद्यावर घेतलेल्या माणसाला गर्रकन वळायला सांगून बघा. तो वळू शकत नाही, कारण वजन दोन टोकांना आहे. तेच सगळं वजन त्याने छातीशी धरलं तर तो सहज गिरकी घेईल. क्लबचंही तसंच आहे. चेंडू टोकाला लागला की ब्लेडचं डोकं हातात वळतं, तोंड (चेंडूला लागणारी सपाट बाजू) उघडतं, चेंडू भलतीकडे जातो आणि अंतरही तुटतं. कॅव्हिटी बॅकचं डोकं त्या धक्क्याला अडून उभं राहतं. कार्स्टन सोल्हाइम या जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम केलेल्या इंजिनिअरने वजन कडांना नेण्याची ही कल्पना आधी पटरमध्ये (हिरवळीवर चेंडू होलकडे ढकलायचा क्लब) आणली. त्याचा पिंग अँसर पटर १९६६ चा. पुढे तीच कल्पना आयर्नमध्ये आली आणि आज बहुतेक हौशी खेळाडू तिच्याच जोरावर खेळतात.

आता माझं मुख्य सांगणं. क्लब निवडताना तुमचा सगळ्यात सुंदर फटका विसरा. दुकानात हीच चूक होते. दहा चेंडू मारायचे, त्यातला एक सणसणत सरळ जातो, आणि तो ज्या क्लबने गेला तो क्लब घरी येतो. बाकीचे नऊ कुठे गेले ते कोणी मोजत नाही. मैदानावर मात्र तुम्हाला त्या नऊंच्याच मागे चालायचं असतं. मी फिटिंग करताना पहिले पाच चेंडू अंग मोकळं होण्यासाठी सोडून देतो, पुढचे पंधरा मोजतो, त्यांतले सर्वांत चांगले दोन खोडतो आणि उरलेल्या तेरांचा पसारा बघतो. ज्या क्लबने हा पसारा आटोपशीर राहतो तो तुमचा क्लब, भले दुसऱ्या क्लबचा एखादा चेंडू २० यार्ड पुढे का जाईना.

हे तुम्ही शेतातल्या जाळीतही करू शकता. सात नंबरच्या आयर्नच्या तोंडावर टाल्कम पावडरचा हलका थर द्या आणि एक चेंडू मारा. पावडर जिथून उडाली तिथे चेंडू लागला. थर पुन्हा सारखा करा, दुसरा मारा. असे पंधरा ठसे कागदावर टिपून घ्या. ठसे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत जमत असतील तर मित्राला लगेच फोन करा आणि सेट घ्या. पाच महिन्यांच्या सरावात तसं होत नाही. ते टाचेपासून टोकापर्यंत पसरलेले दिसतील, त्यात गैर काहीच नाही. पसारा आहे हे मान्य करून, त्याला सांभाळून घेणारं हत्यार घ्यायचं.

दुसरी गोष्ट लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा कल. इथे जरा थांबून समजून घ्या, कारण क्लबच्या तळावरचा आकडा (लहान आकडा म्हणजे कल कमी, फटका लांब) हल्ली फसवा झालाय. मित्राच्या सेटमधला सात नंबर साधारण ३४ ते ३५ अंशांचा असेल. आज दुकानात मिळणारा नवख्यांसाठीचा सात नंबर बहुधा २८ ते ३० अंशांचा, म्हणजे जुन्या हिशेबाने तो सहा नंबरच्याही पुढे गेला. पिचिंग वेज पूर्वी ४८ अंशांचा असायचा, तो आता ४३-४४ वर आलाय. चेंडू लांब गेल्याचा आनंद यातून मिळतो. तळ रुंद आणि वजन खाली असल्यामुळे चेंडू उंचही चढतो, त्यामुळे ही निव्वळ फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. पण दोन ठिकाणी तिचा त्रास होतो. एक म्हणजे अशा सेटमधला चार किंवा पाच नंबरचा आयर्न इतका सरळ उभा होतो की मध्यम वेगाच्या हाताला तो हवेत चढवताच येत नाही. दुसरं, पिचिंग वेज ४४ आणि सँड वेज (वाळूतून चेंडू काढायचा क्लब) ५६ घेतला तर मध्ये १२ अंशांचं खिंडार पडतं, आणि नेमक्या त्याच अंतरावर, ७०-८० यार्डांवर, नवखा खेळाडू वारंवार येऊन थांबतो. म्हणून सेट बघताना नंबर वाचू नका. प्रत्येक क्लबचा लॉफ्ट किती अंश ते विचारा, कागदावर उतरत्या क्रमाने लिहा. लागोपाठच्या दोन क्लबांत चार-पाच अंशांचं अंतर असलं की जागा भरलेली आहे. त्याहून कमी असेल तर दोन क्लब एकच काम करणार.

नियमाप्रमाणे बॅगेत १४ क्लब चालतात. अमेरिकेत ही मर्यादा १९३८ ला आली, ब्रिटनच्या आर अँड ए या नियम ठरवणाऱ्या संस्थेने १९३९ मध्ये आणली. मर्यादा म्हणजे कमाल. तेवढे घेतलेच पाहिजेत असा अर्थ नाही. चिक एव्हान्स या हौशी खेळाडूने १९१६ ची यूएस ओपन सात क्लब घेऊन जिंकली, तेही लाकडी दांड्यांचे, आणि त्याचा २८६ फटक्यांचा विक्रम पुढे वीस वर्षं कोणाला मोडता आला नाही. तुम्ही महिन्यातून दोन दिवस खेळता. १४ क्लबांशी ओळख व्हायला तुम्हाला किती वर्षं लागतील याचा हिशेब तुम्हीच करा. मी तुमच्या जागी असतो तर सातच घेतले असते: १८-१९ अंशांचा पाच नंबरचा वूड (मोठ्या गोल डोक्याचा, लांब फटक्याचा), २५ अंशांच्या आसपासचा हायब्रिड (वूड आणि आयर्न यांच्या मधला), सात आणि नऊ नंबरचे आयर्न, पिचिंग वेज, ५४ अंशांचा सँड वेज आणि पटर. नऊ नंबर नि पिचिंग वेज एकाच सेटमधले घ्या, मग लॉफ्टचं गणित जुळतं. सहा महिन्यांनी जिथे अडेल तिथे एकेक भर घाला, बहुतेक ५० अंशांचा वेज पहिला लागेल. तीन आणि चार नंबरचे लांब आयर्न मात्र तुमच्या बॅगेत कधी आले नाहीत तरी बिघडत नाही. हायब्रिडचं वजन खाली आणि तोंडापासून मागे असतं, म्हणून त्याच लॉफ्टचा चेंडू तो सहज उचलतो. पावसाळ्यात गवत वाढलं की फरक चांगलाच जाणवतो.

ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याचा क्लब, मी मुद्दाम वगळला. तुमचा चेंडू उजवीकडे वळत जातो असं तुम्ही लिहिलंय, त्याला स्लाइस म्हणतात. फटक्याची दिशा आणि क्लबच्या तोंडाची दिशा यांत फरक पडला, तोंड उघडं राहिलं, की चेंडू तिरपा फिरतो. हा फरक सगळ्याच क्लबांत असतो, पण लॉफ्ट जितका कमी तितका चेंडू जास्त वळतो. म्हणूनच नऊ नंबरचा चेंडू सरळ जातोय असं वाटतं आणि ९ अंशांच्या ड्रायव्हरचा शेजारच्या फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) जाऊन पडतो. हात तोच, चूकही तीच. घ्यायचाच असेल तर १२ अंशांचा घ्या, डोकं ४६० घनसेंटिमीटरचं (नियमात याहून मोठं बसत नाही), आणि दांडा ४५ इंचांहून लांब नको. लांब दांड्याने वेग वाढतो हे खरं, पण चेंडू तोंडाच्या मधोमध लागण्याची शक्यता त्याहून वेगाने घटते.

अंतराची हाव सोडवत नसेल तर आपली गोल्फ खेळाडू अदिती अशोक हिचं उदाहरण आठवा. २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये ड्रायव्हरच्या अंतरात ती जवळजवळ सगळ्यांच्या मागे होती. पदक एका फटक्याने हुकलं आणि ती चौथी आली, ती पटर आणि फेअरवे वूडच्या जोरावर. सकाळी लवकर उठून टीव्हीसमोर बसलेलो आम्ही सगळे त्या दिवशी तिचा पटरच बघत होतो.

शाफ्टबद्दल. स्टिफ, रेग्युलर, सीनियर ही अक्षरं कुठल्या एका मापाने ठरलेली नाहीत. एका कंपनीचा रेग्युलर दुसऱ्याच्या स्टिफइतका कडक निघू शकतो. ढोबळ अंदाज असा: ड्रायव्हरच्या डोक्याचा वेग ताशी ९५ मैलांच्या वर गेला तर स्टिफचा विचार करावा, ८५ ते ९५ मध्ये रेग्युलर, त्याखाली आणखी मऊ. वेग मोजायचं यंत्र नसेल तर सात नंबरचा चेंडू हवेत किती जातो ते पाहा. १३० यार्डांच्या आत पडत असेल तर स्टिफ शाफ्ट तुमच्यासाठी लोखंडी कांब आहे, तो वाकतच नाही. पण माझ्या मते कडकपणापेक्षा वजन महत्त्वाचं. स्टीलचा शाफ्ट साधारण ९० ते १३० ग्रॅम, आयर्नमधला ग्रॅफाइट ५० ते ८० ग्रॅम. तुम्ही दिवसभर कारखान्यात उभे असता आणि संध्याकाळी जाळीत शंभर चेंडू मारता. साठाव्या चेंडूनंतर जड क्लबने खांदा पडतो आणि पुढचे चाळीस चेंडू तुम्ही चुकीची सवय घोटत बसता. हलका ग्रॅफाइट घ्या. हादराही तो कमी पोचवतो, आणि तुमच्या सरावाच्या जागेसाठी ते फार गरजेचं आहे. त्याचं कारण पुढे येतंच.

लांबी आणि लाय (दांड्याचा जमिनीशी होणारा कोन) यांत सुरुवातीला फार अडकू नका. सपाट चप्पल घालून ताठ उभे राहा, मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत माप घ्या. ३४ ते ३७ इंच असेल तर प्रमाणित लांबी चालते, खाली असेल तर अर्धा इंच कमी. लाय तपासायला चेंडूच्या मागच्या बाजूला व्हाइटबोर्ड मार्करने उभी रेघ ओढा, ती बाजू क्लबकडे करून मारा. रेघ तोंडावर उमटते. तोंडावरच्या आडव्या खोबणींना काटकोनात उमटली तर बरोबर, कलती उमटली तर क्लब वाकवून घ्यावा लागेल. टोक वर राहणारा क्लब चेंडू डावीकडे नेतो, टोक खाली टेकणारा उजवीकडे. ग्रिप (दांड्याची रबरी मूठ) तेवढी हाताच्या मापाची हवी: डाव्या हाताने धरल्यावर मधली दोन बोटं तळहाताला जेमतेम टेकावीत.

आता आपल्या मातीचं. होटगीकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि वरून दगडासारखी होते. पावसात तीच चिकण. तुम्ही तिच्यावर चटई टाकून मारताय. पातळ चटईखाली असं कडक काही असलं की चेंडूच्या आधी जमिनीला लागलेला फटका चटईवरून घसरून चेंडूपर्यंत पोचतो. चेंडू ठीक जातो, तुम्हाला वाटतं जमलं. पुण्याच्या गवतावर तोच फटका माती खणतो आणि चेंडू दहा यार्ड जातो. शिवाय प्रत्येक वेळी कोपराला दणका. जाड रबरी तळाची चटई घ्या, तिच्याखाली वाळूचा दोन-तीन इंचांचा थर द्या. ४० हजारांतला पहिला खर्च मी यावरच केला असता.

याच मातीमुळे वेजच्या बाउन्सकडेही बघा. वेजचा तळ पुढच्या कडेपेक्षा किती खाली उतरलाय त्याचा कोन म्हणजे बाउन्स. मऊ जमिनीत आणि भुसभुशीत वाळूत १२-१४ अंशांचा बाउन्स क्लबला रुतू देत नाही. कडक जमिनीवर तोच तळ आपटून उसळतो आणि पुढची कड चेंडूच्या पोटात बसते. जीन सॅराझनने १९३० च्या दशकात वेजच्या तळाला धातू चढवून आजचा सँड वेज घडवला, तो वाळूसाठी. कडक जमीन आणि बंकर (वाळूचा खड्डा) दोन्हीकडे चालवून घ्यायचा असेल तर १० अंशांच्या आसपासचा घ्या. ६० अंशांचा लॉब वेज इतक्यात नको.

पटरवर लोक सगळ्यात कमी वेळ देतात. पार ७२ च्या मैदानात, म्हणजे जिथे पूर्ण फेरीला ७२ फटके अपेक्षित असतात, ३६ फटके पटरचे धरलेले असतात, म्हणजे निम्मे. दुकानात येतात ते बहुतेक ३४-३५ इंचांचे. आपल्याकडच्या बऱ्याच पुरुषांना ३३ बरोबर बसतो. लांब पटर घेतला की माणूस चेंडूपासून दूर उभा राहतो आणि डोळे रेषेवर येत नाहीत. डोळ्यांच्या मधोमध एक चेंडू धरून खाली सोडा. तो जमिनीवरच्या चेंडूवर किंवा किंचित तुमच्या बाजूला पडला की लांबी जमली. नवख्यांना मी मोठ्या डोक्याचा मॅलेट देतो, कारण कावडीचा हिशेब इथेही लागू पडतो. सराव घरच्या फरशीवर नको, ती फार वेगवान. सोलापुरी चादर किंवा सतरंजी ताणून घाला, चेंडू साधारण हिरवळीच्या वेगाने धावतो.

खरेदी पुण्यातच करा, आणि जुने क्लब घ्यायला बिलकुल कचरू नका. आयर्न लवकर म्हातारे होत नाहीत. पाच-सात वर्षांपूर्वीचा चांगला कॅव्हिटी बॅक सेट नव्याच्या जवळपासच खेळतो. वेजच्या खोबणी तेवढ्या नखाने तपासा, कड बोथट झाली असेल तर सोडून द्या. ऑनलाइन स्वस्तात दिसणारे नामांकित ड्रायव्हर बनावट असू शकतात. डोकं टायटॅनियमचं आहे असं सांगितलं असेल तर चुंबक लावून बघा, वजनाचे स्क्रू सोडून इतरत्र कुठे चिकटला तर ते टायटॅनियम नव्हे. आणि क्लब गाडीच्या डिकीत ठेवून देऊ नका. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत ग्रिपचं रबर कडक होतं, डोकं आणि शाफ्ट जोडणारा डिंकही सैल पडू शकतो. ग्रिप महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने घासा.

मित्राला काय सांगायचं? सेट राहू दे म्हणा, पण त्यातला सात नंबर काही महिन्यांसाठी मागून घ्या. महिन्यातून एकदा पावडर लावून पंधरा चेंडू मारा आणि कागद जपून ठेवा. ब्लेडने मारल्यावर चेंडू कुठे लागला ते हाताला लगेच कळतं, तेवढा गुण त्यात नक्की आहे. ठसे जवळ येऊ लागले, हँडिकॅप (पारपेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा) पंधराच्या खाली आला, की ब्लेड आणि कॅव्हिटी यांच्या मधले, अरुंद तळाचे सेट बघू. पूर्ण ब्लेडकडे जायची गरज हौशी खेळाडूंतल्या फार थोड्यांना पडते.

मुलीसाठी जुने क्लब कापू नका. दांडा कापला तरी डोकं मोठ्या माणसाच्याच वजनाचं राहतं, आणि आखूड झालेला शाफ्ट आणखी कडक होतो. १२ वर्षांची मुलगी तो फिरवायला सगळं अंग मागे झुकवते, आणि ती ढब तिच्या अंगात मुरते. तिला उंचीप्रमाणे मिळणारे हलके क्लब द्या, चारच पुरेत: एक हायब्रिड, सात नंबर, सँड वेज, पटर. ती एक-दोन वर्षांत वाढेल, म्हणून हेही जुनेच घ्या. निवडताना तिला एका हाताने, डाव्या हाताने, क्लब जमिनीला समांतर धरून दहा आकडे मोजायला सांगा. सात-आठ वर मनगट थरथरलं तर तो जड आहे, त्याच्या खालचा बघा.